मांडवातली सुट्टी

पडवीच्या कोपऱ्यात वरचं एक कौल फुटलं आहे. त्याच्याखाली आईने पत्र्याचा डबा ठेवला आहे. डब्यावर कागद नाही, कुणाचं नाव नाही, आंब्याचं चित्र नाही. नुसता पांढरा, कडेने गंजत चाललेला पत्रा. मे महिना अजून संपायचा आहे आणि पाऊस मात्र मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा पडून आहे. डबा रिकामा असला की थेंब टणक वाजतो. पाणी चढत जातं तसा आवाज बुडतो. आई डबा समोरच्या खळ्यात, अंगणात ओतते, परत जागेवर ठेवते आणि आवाज पहिल्यापासून सुरू होतो.

मी रजा काढून पुण्याहून मिरजोळ्याला आले ती आईला घेऊन नाटे गावी मामाकडे जायचं म्हणून. मामाने फोनवरच वाट बंद केली. "येऊन काय बघणार? होड्या वर ओढल्या, जाळी गुंडाळली. समुद्र घरात यायचा बाकी हाय. घरीच ऱ्हावा." आम्ही घरीच राहिलो. आईला वाईट वाटलं नाही. मलाही फारसं नाही. पावसाने अडवलेली आणि घराच्या आसपासच काढलेली सुट्टी मला नवी नाही.

आज सकाळी उघडीप पडली. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी चटया बाहेर काढल्या. आईनेही सोलं पसरली. कोकमाच्या साली खारट रसात भिजवायच्या, वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या, असं हे काम. ऊन असेल तर सोपं. शेजारच्या सुमनकाकू मधल्या दगडी गडग्यावरून वाकून मला म्हणाल्या, "तू आलीस ते बरं झालं. तुझी आई सोलं सुकवते का धुते ते तरी बघ एकदा. सर आली की आमी मरणाचं धावताव, आणि ही बाय अशी बसते, जसा काय पाऊस शेजारच्या गावात पडतोय."

आई नुसती हसली. वाडीत हा जुना विनोद आहे. नव्या सुनांनाही तो पहिल्या वर्षी सांगितला जातो.

ज्या कारखान्यात हा डबा झाला तो आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर होता. मधे फक्त कातळ. सकाळचा भोंगा झाला की आई कातळ तुडवत जायची आणि संध्याकाळी तिच्या पदराला पत्र्याचा वास यायचा, थोडा रक्तासारखा, थोडा नाण्यांसारखा. आंब्याच्या रसाचे डबे तिथे बनायचे. रस दुसरीकडे भरला जायचा. आमच्या घरी रस कधी आला नाही, डबे आले. दाबले गेलेले, पोचे पडलेले, बाजूला काढलेले डबे. तांदूळ त्यात, मीठ त्यात, माझी पेन्सिल त्यात.

मी चौथीतून पाचवीत जाणार होते त्या वर्षी शिमग्यानंतर भोंगा वाजला नाही. का वाजला नाही ते तेव्हाच्या पत्रकांत सविस्तर लिहिलेलं आहे आणि त्यातली बरीचशी आईनेच लिहिली होती. गुलाबी, पातळ कागद, शाई बोटाला लागणारी. आमच्या घरात मी लहान असल्यापासून रद्दी साठायची ती युनियनच्या पत्रकांचीच. मी अक्षरं त्यांच्यावरच घोटली. 'जाहीर' हा शब्द मला 'आगगाडी'च्या आधी वाचता आला, आणि कितीतरी दिवस मला वाटायचं की 'निषेध' हे बाईचं नाव आहे, कारण ते नेहमी जाहीरच्या शेजारी उभं असायचं, नवरा-बायकोसारखं.

कारखान्याच्या दारासमोर कामगारांनी मांडव घातला. बांबूचे खांब, वर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. लग्नाला घालतात तसाच. आत कारखान्यात एक मशीन होतं, डब्याला झाकण बसवणारं. सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. म्हातारी आत आहे तोवर कारखाना कधीही पुन्हा सुरू होऊ शकतो, मालकाने म्हातारी बाहेर नेली की खेळ संपला, इतकं साधं ते होतं, आणि आम्हा मुलांनाही ते कळत होतं. म्हणून दार राखायचं. दिवसा बायका जास्त, रात्री पुरुष. बाबा मुंबईला नोकरीत होते, गणपतीला यायचे. मला घरी एकटं कोण ठेवणार? मी मांडवात. माझी मैत्रीण रेहाना, तिची अम्मीही त्याच खात्यात होती, तीही मांडवात. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली. वर्गातली पोरं आजोळी गेली. आम्ही दोघी तिथेच, गुलाबी कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून.

आणि मग मेच्या मध्यावरच पाऊस लागला.

झाप उन्हासाठी असतात. पाऊस आला की मांडव गळतो, म्हणून पावसाआधी तो उतरवायचा असतो. पण हा मांडव उतरवायचा नव्हता. तात्या म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, म्हातारीवर आयुष्य काढलेले, एकटे राहणारे. ते वर बघून म्हणाले, "झाप म्हणतोय मी काय छत्री हाय? आणा डबे." घराघरांतून डबे आले. जिथे गळेल तिथे डबा. सबंध मांडव वाजायला लागला.

ती सुट्टी मला सगळ्यात आधी कानांनी आठवते. भरलेला डबा खाली बोलतो, रिकामा वर. रेहानाने आणि मी ते जुळवायला घेतले. याच्यातलं ओंजळभर काढ, त्याच्यात घाल, हा थोडा सरकव. दुपारभर खटपट करून आम्ही त्यातून मांडवातली घोषणा काढली. मशीन हलणार नाय, आमी उठणार नाय. थेंब पडायचे आपल्या चालीने, पण ऐकणाऱ्याला घोषणा माहीत असली की ती ऐकू यायची. तात्या डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "'नाय' जरा कमी पडतोय गो. त्याच्यात पाणी घाल."

मग वास. भिजलेल्या झापांचा आंबूस वास, चहाच्या पातेल्याचा, ओल्या पोलक्यांचा, पत्रकांच्या शाईचा. एका डब्याला भोकं पाडून आम्ही त्यात काजू भाजायचो. कवचातलं तेल पेटलं की भडका उठायचा आणि घशात जाणारा काळा धूर सगळ्या मांडवात पसरायचा. बायका खोकत शिव्या घालायच्या, आणि गर सोलून झाला की हात पुढे करायच्या. कुणाच्या तरी दारचा फणस वाऱ्याने पडायचा, तो मांडवात यायचा. आठळ्या चुलीत. वाऱ्याने पडलेले आंबे कुणी मोजून आणत नव्हतं. कातळावर लाल पाणी धावायचं, त्यात आम्ही पाय सोडून बसायचो. पावसाने बाहेर काढलेले बेडूक असे ओरडायचे की भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला थांबावं लागायचं. तात्या बेडकांच्या दिशेने हात करून म्हणायचे, "त्यांचा पाठिंबा हाय, पण शिस्त नाय."

पत्ते भिजून गेले तेव्हा आम्ही पत्रकांचेच पत्ते केले. खळ लावून दोन-दोन कागद चिकटवले, कोऱ्या बाजूला राजा-राणी काढले. दुसऱ्या बाजूला छापलेलं तसंच राहिलं. त्यामुळे समोरच्याच्या हातात काय आहे ते कळायचं. इस्पिकच्या राजाच्या पाठीवर 'त्वरित' होतं. चौकटच्या राणीच्या पाठीवर 'न्याय्य मा' एवढंच, बाकीचं कात्रीत गेलेलं. रेहानाची अम्मी कधीच हरायची नाही. ती म्हणायची, "मी पत्ते बघतच नाय, मी पत्रक वाचते."

हे सगळं मी आनंदाचं म्हणून लिहीत नाही. मांडवातल्या माणसांच्या घरी काय शिजत होतं हे मला आता कळतं, तेव्हाही थोडं कळत होतं. पण सुट्टी ही सुट्टी होती, आणि आम्ही ती वाया घालवली नाही.

पावसाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी वळणावर एक ट्रक येऊन उभा राहिला. ताडपत्री ओढलेला, रिकामा. मे महिन्यात मिरजोळ्यात ट्रक उभा असला तर तो आंब्याचा. कुणी विचारलंसुद्धा नाही. ड्रायव्हर झोपून असायचा. त्याच्याबरोबरचा क्लीनर घाटावरचा होता, विशीतला, कंटाळलेला. आमच्या धुराच्या वासाने तो मांडवाकडे आला. रेहानाने त्याला भाजलेला काजू दिला, आणि हे कसं खायचं ते सांगायच्या आधीच त्याने तो कवचासकट दातांखाली धरला. काजूचं तेल ओठांना लागलं. बिचारा नाचायलाच लागला. "आयला, विष हाय का काय ह्ये!"

सगळा मांडव हसला. आई हसत हसतच उठली आणि तिने त्याच्या ओठांना खोबरेल लावलं. "असं आमच्याकडचं काय पण सरळ तोंडात घालायचं नाय," ती म्हणाली. त्यानंतर तो रोज यायचा. ओठांची सालं निघालेली. आम्हाला ट्रकच्या केबिनमध्ये बसू द्यायचा. काचेवर वायपर फिरायचा आणि आम्ही त्यातून मांडव बघायचो, पुसलेला, पुन्हा भिजलेला, पुन्हा पुसलेला.

पावसाने घराघरांतली आगोट अडली होती. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. चार महिने पुरेल ते मे महिन्याच्या उन्हात सुकवून आत घ्यायचं. त्या वर्षी सगळं अर्धवट ओलं घरात पडून होतं. आईने आंब्याच्या रसाची साठं ताटांत घातली होती, ती चुलीवरच्या माळ्यावर आंबत चालली होती. रेहानाच्या घरी जवळा. कुणाची सोलं, कुणाचे पापड, कुणाच्या शेणी, कुणाचा लाकूडफाटा. मांडवातल्या बायका बोलायच्या मागण्यांबद्दल आणि बघायच्या आभाळाकडे. पगार नसलेल्या घरात चार महिन्यांचं खाणं म्हणजे तीच ताटं होती.

एका सकाळी ऊन पडलं. कडक, पांढरं. वाडीतल्या प्रत्येक घरातून सगळं बाहेर आलं. कातळ दिसेनासा झाला. केशरी ताटं, काळी सोलं, गुलाबी जवळा, पांढरे पापड. इतकं वाळवण एका दिवशी मी नंतर कधीच पाहिलं नाही. सगळ्यांनी भराभर पसरलं आणि मांडवात येऊन बसले, पाठीवर ऊन घेत. तात्यांनी डबे पालथे घातले. मांडव पहिल्यांदाच गप्प झाला. पाऊस गेला, आता ऊन टिकेल, असं जो तो म्हणत होता.

दुपारी जेवणं झाल्यावर आभाळ समुद्राच्या बाजूने काळं झालं. वारा आला. थेंब पडला तो तात्यांच्या पालथ्या डब्यावर, आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

कुणी कुणाला हाक मारली नाही. सगळे उठले आणि धावले. विचार करायला वेळ मिळाला असता तर चार माणसं थांबली असती, पण असल्या वेळी विचार करत नाहीत. अंगातच असतं ते. आया धावल्या, आज्ज्या धावल्या, चपला मांडवातच राहिल्या. आई जाता जाता ओरडली, "हलू नका गो इथून! आलेच!"

मांडवात आम्ही दोघी राहिलो.

ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला तो पावसाच्या आवाजातून. तो मागे मागे येत दारापर्यंत आला. दार आतून उघडलं. म्हातारी आत आधीच सुटी करून दारापाशी आणून ठेवलेली असणार. साखळ्यांचा आवाज, कुणाचा तरी "हळू, हळू". सरीने समोरचा कातळ पुसून टाकला होता. पलीकडे वाडीत बायकांचे ओरडण्याचे आवाज येत होते, ताट धर, चटई गुंडाळ, शेणी झाक. रेहाना आणि मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिलो. आम्हाला एकच गोष्ट येत होती ती आम्ही केली. मशीन हलणार नाय, आमी उठणार नाय. खूप मोठ्याने. आमचा आवाज आम्हालाच नीट ऐकू येत नव्हता.

ट्रक आमच्यासमोर येऊन थांबला. क्लीनर खाली उतरला. त्याने रेहानाला काखेत धरून उचललं आणि कडेला ठेवलं. मग मला. त्याच्या ओठांची सालं अजून निघत होती. "बाजूला व्हा की पोरींनो," तो म्हणाला. "भिजून आजारी पडशिला." आणि मांडवातली कुणाची तरी चटई आणून त्याने ती आमच्या डोक्यांवर घातली.

ट्रक गेला. फार घाईने नाही.

माणसं परत आली तेव्हा त्यांच्या हातांना आंब्याचा, मासळीचा, शेणाचा वास होता. चाकोऱ्यांत लाल पाणी भरलं होतं आणि त्यावर तेलाचे रंग फिरत होते. तात्या सगळ्यात शेवटी आले. दाराकडे, आतल्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "माझं तर वाळत कायच नव्हतं गो. मी कशाला धावलो?"

कुणी हसलं नाही. आई बोटं पदराला पुसत होती. साठं चिकट असतात, लवकर निघत नाहीत.

त्यानंतरही मांडव थोडे दिवस होता, आम्हीही होतो, काजूही होते. पण डब्यांत घोषणा काही पुन्हा जुळली नाही. मे संपताना तात्यांनी रीतीप्रमाणे मांडव उतरवला. झाप ज्याचे त्याने नेले. डबे ज्याचे त्याने नेले. एक आमच्याकडे राहिला. तात्या आता नाहीत. रेहाना लग्न होऊन नाटे गावाच्या बाजूला असते. कारखान्याच्या जागी गोदाम आहे.

शेवटचं पत्रक आईने लिहिलं. त्यात लिहिलं होतं की कामगार बेसावध असताना मशीन पळवण्यात आलं. मी ते त्या वयात पाठ केलं. पुढे कॉलेजात असताना, मला सगळं ठणकावून सांगायची सवय लागली होती तेव्हा, मी आईला विचारलं, की बेसावध म्हणजे काय? सोलं, साठं, जवळा, हे का नाही लिहिलंस? खरं ते लिहायचं ना?

ती भात वैरत होती. म्हणाली, "लिहिलं असतं तर लोक हसले असते."

"हसू देत."

"आणि हसले असते ते आपलेच." मग डाव फिरवत, "तू एक विचार केलास का? बाहेरच्या माणसाला काय वाटलं असतं? पाऊस आला की लोक मांडवात शिरतील. ट्रक घेऊन उघडिपीतच आला असता तो. पाऊस आला की लोक मांडवातून बाहेर पळतील, हे कुणाला ठाऊक?"

मी पाट ओढून तिच्याजवळ बसले.

"उघडीप पडून सगळं बाहेर आलं की मग येणारी सर धरा, हे ज्याने सांगितलं," आई म्हणाली, "त्याच्या घरचं पण काहीतरी तेव्हा भिजत असणार." तिने झाकण ठेवलं. ती कुणाचं नाव घेत नव्हती. मी विचारलंही नाही. पत्रकात शत्रू कायम दाराच्या आत असायचा, मांडवाच्या समोर. मला तोवर तसंच वाटत होतं.

आज दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही पडवीत बसलो. आई खुर्चीत, मी पायरीवर. डब्यात शेवटचे थेंब लांब लांब पडत होते. समुद्राच्या बाजूने आभाळ भरून आलं. वारा सुटला तशी सुमनकाकूंच्या घरातून हाक आली, "आली गो आली!" आणि सबंध गल्ली उठली. परकर खोचले गेले, चटया गुंडाळल्या गेल्या, कुणाचं सूप वाऱ्याने उडालं आणि त्याच्यामागे कुणीतरी धावलं. मीही उठले होते. मला कळायच्या आत मी खळ्यात दोन पावलं पुढे गेले होते.

"बस," आई म्हणाली.

"अगं, मीठ धुऊन जाईल सगळं."

"जाऊ दे. सर गेली की परत घालू. बस."

मी परत येऊन पायरीवर बसले. सर आली. आमची सोलं चटईवर भिजत राहिली, त्यांच्याखालून जांभळं पाणी निघून खळ्यातून वाहायला लागलं. गडग्यापलीकडून सुमनकाकू चटई काखेत घेऊन ओरडल्या, "बघ बघ, धुतेय बघ तुझी आय!" कौलातून डब्यात पुन्हा धार लागली.

आई समोर बघत होती. पाठ टेकलेली, हात मांडीवर. तिला बघून कुणालाही वाटलं असतं की पाऊस शेजारच्या गावात पडतो आहे. मी पायरीवर, तिच्या पायांच्या पातळीला बसले होते, म्हणून मला दिसलं. तिच्या टाचा जमिनीला टेकलेल्या नव्हत्या.